मागून हाक

बोंबलांच्या वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या. पावसाने एकदाचं तोंड काळं केलं आणि सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबू पुरायला सुरुवात झाली. दोन उभे बांबू, त्यांवर एक आडवा, अशी ओळच्या ओळ. त्यांवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे आणि उन्हावाऱ्याच्या हवाली करायचे. आता होळीपर्यंत गावाला, माणसांना आणि माणसांच्या कपड्यांना एकच वास. मी बोईसरला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी परगावची मुलगी या दिवसांत हळूच खिडकी उघडते आणि म्हणते, "ताई, सिझन सुरू झाला वाटतं." मी म्हणते, "झाला. लाव गं रुमाल नाकाला, लाजू नकोस."

आमच्या घरात सिझन या शब्दाला दोन अर्थ आहेत. आयचा सिझन बोंबलांचा आणि माझ्या धाकट्या भावाचा, कल्पेशचा, फुटबॉलचा. दोन्ही एकाच सुमाराला सुरू होतात आणि एकाच सुमाराला संपतात. त्यामुळे वलांड्या दिसल्या की मला तीन वर्षांपूर्वीचा तो सिझन आठवतो. कल्पेशचा पहिला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एका दूरच्या शहरातल्या क्लबने त्याला गोलकीपर म्हणून एका सिझनपुरतं करारावर घेतलं होतं. गावात फलक लागला. फलकावर त्याच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते, ते असो. पण व्यावसायिक फुटबॉल खेळणारा आमच्या गावातला तो पहिलाच, आणि आयचा ऊर भरून आला होता.

तो गोलकीपर कसा झाला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. किनाऱ्यावर पोरांचा गोल म्हणजे वलांडीचे दोन बांबू. आणि त्या गोलाच्या मागे काय, तर कमळकाकूचे बोंबील. कमळकाकू आमची शेजारीण. चेंडू आत गेला की चार बोंबील वाळूत पडणार आणि काकू हातात कोयती घेऊन येणार. "मेल्यांनो, माजं बोंबील! या चेंडवाचं कालवण नाय केलं तर नावाची कमळ नाय!" तिने दोन चेंडू खरंच कापले होते. त्यामुळे गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. मग सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मुखदुर्बळ जो होता, त्याला उभं केलं. कल्पेशने काकूच्या धाकाने अंग झोकून द्यायला सुरुवात केली. खाडीपलीकडची मुरब्याची पोरं खेळायला आली, की त्यांनी मारलेला एकसुद्धा चेंडू बोंबलांपर्यंत पोचायचा नाही. पुढे पालघरच्या शाळेचा संघ झाला, जिल्ह्याचा झाला. निवडीच्या वेळी कुणीतरी त्याला विचारलं, अशी उडी घ्यायला कुणी शिकवलं तुला? तो म्हणाला, कमळकाकूने. त्यांना वाटलं, कुणी कोच असतील.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना माझी जीभ अजून जड होते.

बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे कुठल्याही मराठी घरात सांगतील. पण ज्यांची माणसं पाण्यावर जातात, त्या घरांत ते जास्तच पाळतात. निघणारा "येतो" म्हणाला आणि उंबऱ्याबाहेर पडला की संपलं. काही राहिलंच, तर बाईमाणसाने दुसऱ्या आळीतून पळत जायचं, वळसा घालून त्याच्या समोर यायचं आणि वस्तू हातात द्यायची. लहानपणी बंदरावर जाणाऱ्या बापयांच्या पुढे अशा धापा टाकत आलेल्या बायका मी कितीतरी पाहिल्यात. कुणाच्या हातात तंबाखूची पिशवी, कुणाच्या हातात स्वेटर. हसू यायचं.

आमच्या घरात ही रीत त्याहून कडक. आमच्या घरात कुणीच कुणाला मागून हाक मारत नाही. बोटीला निघालेल्याला नाही, शाळेला निघालेल्याला नाही, गिरणीवर दळण घेऊन निघालेल्यालासुद्धा नाही. आणि हे माझ्यामुळे आहे.

मी अकरा वर्षांची होते. कल्पेश रांगत होता. बाबा सकाळी निघाले, "येतो" म्हणाले, आळीच्या तोंडापर्यंत गेले, आणि मी ओट्यावरून बोंबलले, "बाबा, माज्यासाठी शेवंड आणा!" शेवंड म्हणजे लॉब्स्टर, समुद्रातली ती मोठी, मिशांवाली. आमच्या जाळ्यात क्वचित यायची आणि आली तरी विकायलाच जायची. मला एकदा खायची होती, बस. तेवढ्यासाठी मी हाक मारली. दोन दिवसांनी बोट परत आली, बाबा आले नाहीत. जाळ्याच्या दोरात पाय अडकून ते पाण्यात ओढले गेले. मिळालेसुद्धा नाहीत.

मला कुणीही, कधीही, एका शब्दाने बोललं नाही. ना आय, ना कमळकाकू, ना बाबांच्या बोटीवरचे खलाशी. मी दिवसभर आम्ल-अल्कली मोजणारी बाई. एका पोरीच्या हाकेने दोराला गाठ पडत नाही, हे मला कळतं. कळून काय उपयोग? आजतागायत मी शेवंड तोंडात घातलेली नाही. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मागून हाक मारणं जे बंद झालं, ते झालंच. कल्पेश त्या मुक्या घरात वाढला. त्याला कारण माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ती घरची पद्धत होती, जशी चपला बाहेर काढायची पद्धत असते.

तर त्या पहिल्या सिझनला त्याला सोडायला आय आणि मी पालघर स्टेशनला गेलो. लांबची गाडी, थांबते दोन मिनिटं. कल्पेशने आयच्या पाया पडून घेतलं, मला म्हणाला, "येतो गं ताय", पाठीवर मोठी बॅग टाकली आणि डब्याकडे चालू लागला. आणि ज्या बाकावर आम्ही बसलो होतो, त्या बाकावर त्याच्या ग्लोव्ह्जची पिशवी तशीच. आयने ती पाहिली, मी पाहिली. तो दहा-बारा पावलांवर होता, पाठमोरा. नुसतं "कल्प्या" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

आम्ही दोघींनी तोंडं उघडली आणि मिटली.

मी पिशवी घेऊन धावले. त्याला गाठायला नव्हे, वळसा घालून पुढून यायला! पार्सलच्या हातगाडीला आडवी गेले, एका म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि वळसा पुरा होईपर्यंत गाडी सुटली. चहाच्या स्टॉलवरचा माणूस सगळं बघत होता. तो म्हणाला, "अहो बाई, हाक मारायची ना! समोर तर होता." पिशवी उराशी धरून उभी राहिले. गोलकीपर नोकरीच्या पहिल्या दिवशी ग्लोव्ह्जशिवाय हजर झाला. ते मागाहून कुरियरने गेले. फोनवर तो हसला. "जाऊ दे ताय. मीपण मारली नसती."

तेव्हा आम्हीही हसलो. त्या हसण्याची किंमत नोव्हेंबरात कळली.

तो मला दुपारी फोन करायचा, सराव संपल्यावर. माझी जेवणाची सुट्टी तेव्हाच असते. कॅन्टीनच्या मागे एक करंजाचं झाड आहे, तिथे उभी राहून मी बोलायची. सुरुवातीला मैदानाचं गवत, मेसमधला भात, सोबतच्या पोरांच्या भाषा, असं काहीबाही सांगायचा. मग हळूहळू त्याचं बोलणं आटत गेलं. मुळात झरा बारीकच. शेवटी एक दिवस मी वैतागून म्हटलं, "काय झालंय ते सांगतोस की फोन ठेवू? माझा डबा गार होतोय." तेव्हा बोलला.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने समजावलं. गोलकीपरचं अर्धं काम हाताचं, अर्धं तोंडाचं. बाकी दहाही जणांची तोंडं पुढे असतात, सगळं मैदान दिसतं ते एकट्या कीपरला. म्हणून त्याने मागून ओरडत राहायचं असतं. तुझ्या मागे माणूस आलाय, डावीकडे सरक, सोड, चेंडू माझा. आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. सरावात त्यांचा एक डिफेंडर चेंडू घेऊन निवांत उभा होता, मागून समोरच्या संघाचा खेळाडू येत होता. कल्पेशला तो दिसला, त्याने तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. गोल झाला. कोच केरळचे, हिंदी मोडकंतोडकं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमने देखा था?" "देखा." "फिर बोला क्यूँ नहीं?" असं एकदा नव्हे, दहादा झालं. मग त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हाथ अच्छा है तुम्हारा. लेकिन गूँगा कीपर मुझे नहीं चाहिए. सीझन खतम होने तक बोलेगा तो रहेगा, नहीं तो घर."

"मी बोलायला जातो ताय," तो म्हणाला, "पण समोर पाठ दिसली की गळाच धरतो. आपल्या घरात मागून हाक का नाय मारत गं?"

मी म्हटलं, "पद्धत हाय आपली. तुला काय करायचंय?" आणि डबा गार होतोय म्हणून फोन ठेवला. डबा त्या दिवशी मी उघडलाच नाही. त्याचे ते हात, ती वर्षानुवर्षांची वाळूतली आपटाआपटी, गावाचा फलक, सगळं माझ्या एका हाकेपाशी येऊन अडकलं होतं. अकराव्या वर्षी बापाला मारली, आणि आता भावाच्या गळ्याशी आली. मला स्वतःचा इतका राग आला की लॅबमध्ये एक चंचूपात्र फोडलं. मुद्दाम नाही, पण फार चुकूनही नाही.

त्या रविवारी आय वलांडीवरचे बोंबील उलटत होती. खालची बाजू ओली राहिली की कीड लागते, म्हणून ते फिरवावे लागतात. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, मध्ये बोंबलांचा पडदा. तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच मला धीर झाला. मी कल्पेशचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आय, त्या दिवशी बाबांना मीच हाक मारलेली. मागून. शेवंडीसाठी."

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "ठावं हाय. मी दारात होते."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? कल्पेशला पाजत बसलेले मी, तुजा बाबा 'येतो' बोलला तवा मान वर करून पाह्यलं पण नाय. पोर सोडून उठले, दारात आले, तवर तो पार आळीच्या तोंडाला. नुसती पाठ दिसत होती. मंग तू हाक मारलीस." तिने आणखी दोन बोंबील उलटले. "तू हाक मारलीस म्हणून तो वळला. तुज्यामुळं त्याचं तोंड दिसलं मला शेवटचं."

मी आडव्या बांबूला धरून उभी राहिले. माझ्या तोंडून कसंबसं आलं, "मग हाक मारणं बंद का केलंस घरात?"

"मी कुटं बंद केलं? तू गप झालीस. कुणी कुणाला हाक मारली की तुजं तोंड पांढरंफटक पडायचं. तुला लागंल म्हणून आमी पण गप झालो." मग तिने बोंबलांतून हात घालून माझा हात धरला. खारट, ओला, खवल्यांचा हात. "येडी हायस तू. इतकी वर्सं मनात ठेवलंस?"

मी तिथेच, भर किनाऱ्यावर, कमळकाकूच्या देखत, भोकाड पसरून रडले. काकूने लांबून विचारलं, "काय झालं गं पोरीला?" आय म्हणाली, "काय नाय. मीठ गेलं डोळ्यात."

अठरा वर्षं मी समजत होते की हे घर माझ्या चुकीची शिक्षा भोगतंय. घर मला जपत होतं. माणसं इतक्या मायेने गप्प बसतात, की त्या गप्प बसण्याचाच फास होतो. आणि कुणाच्या गळ्यात पडेल, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी करंजाखाली उभी राहून मी कल्पेशला सगळं सांगितलं. शेवंडीसकट. तो म्हणाला, "मंग मी आता काय करू?" मी तशी फटकळच. म्हटलं, "ओरड. काय करू म्हणजे? ज्याला दिसतं त्याने ओरडायचं असतं."

सांगितलं म्हणून लगेच जमत नाही. पुढचे तीन महिने तो बाकावरच होता. मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्या कीपरचं ओरडणं ऐकायचा. सकाळी रिकाम्या मैदानावर जाऊन रिकाम्या गोलातून ओरडायची सवय करायचा. म्हणाला, रिकाम्या मैदानाला ओरडता येतं, माणसाच्या पाठीला नाही. सिझन सरत आला. इकडे वलांड्या विरळ व्हायला लागल्या. शेवटच्या सामन्याच्या चार दिवस आधी त्या दुसऱ्या कीपरचं बोट मोडलं आणि कोचनी याला सांगितलं, खेळायचंय तुला. मी रजा टाकली. आय म्हणाली, "तू जा. माज्यानं बघवणार नाय."

दुपारचा सामना होता. मी मुद्दाम त्याच्या गोलाच्या मागच्या बाजूला बसले. म्हणजे मला दिसत होती त्याची पाठ, आणि त्याच्यापलीकडे सगळ्यांच्या पाठी. पहिला अर्धा तास त्याच्या तोंडून चकार शब्द नाही. चेंडू अडवत होता, छान अडवत होता, पण गप्प. कोच रेषेवर येरझाऱ्या घालत होते. मी पदराचं टोक चावून चावून ओलं केलं. मग मिझोरामचा एक ठेंगणा डिफेंडर चेंडू पायाशी घेऊन वळायच्या बेतात होता, आणि त्याच्या मागून एक उंच माणूस सुसाट येताना मला दिसला. म्हणजे कल्पेशलाही दिसला असणार.

"मागं बघ!"

चक्क मराठीत. त्या बिचाऱ्याला मराठीचा गंध नाही, पण तो वळला. वळला आणि चेंडू लांब भिरकावून मोकळा झाला. कोच थबकले. आणि मी जागच्या जागी थिजले, कारण तो आवाज कल्पेशचा नव्हता. तो बाबांचा होता. तोच घोगरा, तोच शेवट जरा वर ओढणारा, पाण्यावरून किनाऱ्याला ऐकू जावा असा. कल्पेशला तो आठवणं शक्य नाही, तो तेव्हा रांगत होता. आणि त्या आवाजापाठोपाठ मला ते आठवलं, जे मी अठरा वर्षं साफ विसरले होते. त्या सकाळी बाबा नुसते वळले नव्हते. आळीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी मला उत्तर दिलं होतं. "आणतो गं!" म्हणाले होते. माझी हाक तेवढी मी जपून ठेवली, त्यांचं उत्तर टाकून दिलं होतं.

सामना ते हरले, एका गोलाने. त्या गोलाला कल्पेशचा इलाज नव्हता, असं म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. पण नव्वदाव्या मिनिटापर्यंत तो ओरडत होता. मराठी, हिंदी, आमच्या सातपाटीची बोली, जे तोंडात येईल ते. संध्याकाळी भेटला तेव्हा घसा पार बसलेला. कोच जाता जाता त्याच्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाले, "अगले साल हिंदी में." म्हणजे त्याला ठेवला होता.

आता त्याचा हा चौथा सिझन. फार मोठा झालाय असं नाही. कधी खेळतो, कधी बाकावर बसतो, एकदा खांदा निखळून दोन महिने घरी होता. या धंद्यात पुढच्या वर्षाचं कुणालाच सांगता येत नाही. आमच्या बापजाद्यांच्या धंद्यात तरी कुठे येत होतं?

गेल्या आठवड्यात तो निघाला. सकाळची वेळ, आय दारापुढच्या वलांडीवर ताजे बोंबील अडकवत होती. तो तिच्या पाया पडला, मला म्हणाला, "येतो गं." बॅग पाठीवर टाकली. ग्लोव्ह्जची पिशवी मी दोनदा तपासली होती. काही म्हणता काही राहिलेलं नव्हतं. तो चालत चालत आळीच्या तोंडापर्यंत गेला, बाबा जिथे वळले होते तिथपर्यंत, आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"कल्प्याऽ!"

आयने मारली होती हाक. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. हातातले दोन बोंबील तसेच धरलेले.

तो वळला. "काय गं आय? काय राह्यलं?"

"काय नाय," आय म्हणाली. "तोंड बघायचं होतं. जा आता."